वाढीचा हंगाम

दिवाळीचे आकाशकंदील उतरले की आमच्या भाईंदरात उघड्या अंगाची माणसं चौकाचौकात लटकायला लागतात. फ्लेक्सवर. दंड फुगवलेली, पोटावर कप्पे पाडलेली, नुकत्याच घासलेल्या तांब्याच्या हंड्यासारखी चकचकीत. वर कुणातरी पुढाऱ्याचे जोडलेले हात, खाली 'श्री' लावलेलं शरीरसौष्ठव स्पर्धेचं नाव, मैदान आणि वेळ. थंडी म्हणावी अशी थंडी आमच्याकडे पडतच नाही. पहाटे खाडीवर धुकं उतरतं, मिठागरांकडून खारट गार वारा येतो, आणि अंड्यांच्या दुकानासमोर तरुण मुलांची गर्दी वाढते. एकेक जण ट्रेच्या ट्रे उचलून स्कूटरवर बांधतो. मग समजायचं, सीझन आला.

काल सकाळी दूध आणायला निघाले तर मोरव्याच्या वळणावर नवा फ्लेक्स बांधणं चाललं होतं. एक बाजू बांधून झाली होती, दुसरी मोकळीच. वारा मागून शिरला की त्या फ्लेक्समधल्या माणसाची छाती फुगायची आणि वारा पडला की आत जायची. जणू तो श्वास घेत होता. मी पिशवी धरून बघत उभी राहिले, आणि तीन वर्षांपूर्वीचा तो हिवाळा सगळाच्या सगळा अंगावर आला. त्यातला उजेड, त्यातले वास, आमच्या जेवणाच्या टेबलावर पसरलेले दोन पुरुषांचे हात.

त्यातला एक पुरुष माझा नवरा, श्रीकांत. आम्ही दोघं एकाच विमा कंपनीत होतो, त्यामुळे अहो-जाहो कधी जमलंच नाही. मुलगी लहान असताना दादरची दीड खोली सोडून भाईंदर पश्चिमेला आलो, ते इथलेच झालो. श्रीकांतचे वडील एकसष्टाव्या वर्षी दाढी करता करता गेले. आरशासमोर, गालाला साबण तसाच. श्रीकांत तेव्हा कॉलेजात होता. या गोष्टीबद्दल तो फारसं बोलत नसे, पण त्याची स्वतःची एकसष्टी झाली त्या दिवशी, लेकीने बंगळुरूहून येऊन ओवाळलं, केक कापला, सगळे हसलो, आणि संध्याकाळी बाल्कनीत उभा राहून तो म्हणाला, "आता मी बाबांपेक्षा मोठा झालो गं. इथून पुढचा रस्ता मला कुणी दाखवलेला नाही."

मी काहीतरी बोलून विषय हसण्यावारी नेला असेल. पण त्यानंतर तो आरशात जास्त वेळ बघायला लागला, हे खरं.

आधी तो जिमला जायला लागला. मोरव्याच्या गल्लीत, वर पत्रे असलेली, लोखंडाचा आणि घामाचा वास भरून राहिलेली जुनी व्यायामशाळा. दारात मारुतीची तसबीर. तिथे त्याला किरण भेटला. आणि त्याच सुमारास मीरा रोडच्या एका क्लिनिकची जाहिरात त्याच्या फोनवर आली. तो मलाही घेऊन गेला होता. काचेचं दार, कुंड्यांमधली हिरवी झाडं, कुठूनतरी पाण्याचा आवाज येत होता. दवाखान्याचा वास अजिबात नाही. समोर बसलेल्या मुलीचा चेहरा इतका गुळगुळीत होता की वय सांगता येईना. ती म्हणाली, "सर, वय म्हणजे शरीरातली एकेक गोष्ट कमी होत जाणं. कमी झालेलं आपण परत भरायचं, एवढंच." ऐकायला किती साधं! विहीर आटली तर टँकर मागवावा तसं.

जे भरायचं होतं त्याचं नाव ग्रोथ हार्मोन. वाढीचा रस, असं मी माझ्यापुरतं मराठी केलं. लहान मुलांच्या अंगात तो भरभरून असतो आणि गाढ झोपेत पाझरतो, असं तिने सांगितलं तेव्हा मला एकदम आमची मुक्ता आठवली. सहावी-सातवीत असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत ती दुपारी पंख्याखाली हातपाय पसरून झोपायची, घामाने केस कपाळाला चिकटलेले. मी शेजारी बसून शिवण करायची. तिच्याकडे बघता बघता वाटायचं की ही आत्ता, या क्षणी, वाढते आहे. जूनमध्ये शाळेचा फ्रॉक गुडघ्याच्या वर गेलेला असायचा. आई म्हणायची, पोरं झोपेत वाढतात, त्यांना उठवू नये. आणि आता तेच, कुणाच्यातरी झोपेत पाझरणारं ते अमृत, छोट्या कुपीत घालून माझ्या नवऱ्याच्या पोटाच्या कातडीखाली टोचणार होते. मला त्यात काही वाईट दिसलं नाही, उलट थोडी मजाच वाटली. माझ्यासाठीही घेऊ या का, असं श्रीकांतने विचारलं. मी म्हटलं, "माझ्या गुडघ्यांना आणि मला आता एकमेकांची सवय झाल्येय."

कुपी थंडीत ठेवावी लागते. म्हणून ती आमच्या फ्रिजमध्ये, लोण्याच्या डब्याशेजारी आली. काही दिवसांनी तिच्या शेजारी आणखी एक खोका आला. तो किरणचा.

किरण हिराबाईंचा मुलगा. हिराबाई कोळीण, जुन्या भाईंदरातल्या, माझ्याकडे वर्षानुवर्षं मासळी घेऊन येणाऱ्या. टोपली खाली ठेवताना "ताय, आज बोंबील बग कसं हायेत, काचेवानी" असं म्हणणाऱ्या. किरणला मी शाळेच्या दप्तरासकट पाहिलेला. आता सत्ताविशीचा झाला होता, मीरा रोडच्या एका मोठ्या जिममध्ये लोकांचा व्यायाम घ्यायचा आणि स्वतःचा मात्र मोरव्यात करायचा. दारातून आत येताना त्याला खांदे जरा तिरके करावे लागत. पण आवाज अजून शाळेतलाच, मऊ.

"काकू, आमच्या फ्रिजात सगळी मच्छी भरलेली असते. आणि आईने बघितलं तर विचारत बसेल. काका बोलले इथे ठेव म्हणून."

"हे तेच का रे, काकांचं?"

"तेच. म्हणजे, आमचे व्यायामाचे सर बोलले तेच हाय. काकांचं डॉक्टरचं, माझं बाहेरनं येतं." त्याच्या खोक्यावर कुठल्यातरी परदेशी लिपीत काहीबाही लिहिलेलं होतं. "काकांना थोडं लागतं. मला जास्त."

"तुला कशाला? तू तर वाढलेलाच आहेस."

तो हसला. "काकू, स्टेजवर गेल्यावर कळतं, आपण किती बारीक हाय ते."

त्याला एकदा जिल्ह्याची स्पर्धा जिंकायची होती. किताब मिळाला की खेळाडूंच्या जागेतून सरकारी नोकरी लागते, असं त्याचे सर त्याला सांगत. नोकरी लागली की आईची टोपली खाली उतरवायची. पण मला वाटतं तेवढंच नव्हतं. एकदा श्रीकांतने त्याला विचारलं, जिंकलास तर काय करशील, तेव्हा तो डोळे मिटून म्हणाला, "काही नाही काका. ती लाइट अंगावर पडते ना, त्यात उभा राहीन जरा वेळ."

त्या हिवाळ्याचे सुरुवातीचे दिवस आठवतात ते स्वप्नात पाहिल्यासारखे. श्रीकांत लहान मुलासारखा गाढ झोपायचा आणि उठल्यावर चेहऱ्यावर एक ओलसर तुकतुकी असायची. पोट थोडं उतरलं. चाल बदलली. एका रविवारी त्याने मला बसने उत्तनला नेलं. डोंगरी गाव मागे टाकून बस उतरणीला लागली आणि खिडकीतून सुक्या मासळीचा वास आत आला, उग्र, आणि तरी मला आवडणारा. किनाऱ्याजवळ बांबूंच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. हजारो. पांढरे, बारीक, तोंडात तोंड अडकवून टांगलेले, मागून ऊन आलं की आरपार दिसणारे. आम्ही त्या रांगांमधून हात धरून चाललो. इतक्या वर्षांत आम्ही रस्त्यात कधी हात धरला नव्हता. श्रीकांत म्हणाला, "मला वाटतंय, आपण परत सुरुवातीला आलोय." मांडवांपलीकडे समुद्र अगदी शांत, दुधाच्या पातेल्यासारखा. मी त्याला काय म्हणणार? मीही त्या रविवारी चाळिशीची होते.

म्हणून मला त्या औषधाला सरसकट शिव्या देता येत नाहीत. त्याने आम्हाला ती दुपार दिली. फक्त ती दुपार त्याने कशाच्या बदल्यात दिली, ते नंतर कळायचं होतं.

पहिल्यांदा चहाचा कप निसटला. मग सकाळी उठल्यावर श्रीकांतला बोटांत मुंग्या यायला लागल्या. शर्टाचं गळ्याजवळचं बटण लावताना तो वैतागून माझ्यासमोर मान वर करून उभा राहायचा. लग्नातली अंगठी बोटात रुतली. साबण झाला, खोबरेल झालं, दोरा गुंडाळून झाला. शेवटी स्टेशनजवळच्या सोनाराकडे गेलो. त्याने बोट इकडून तिकडून पाहिलं आणि म्हणाला, "अंकल, सूजन नहीं लगता, उंगली ही मोटी हो गई है. काटना पड़ेगा." मग आमच्याकडे बघून घाईघाईने म्हणाला, "अंगूठी, अंगूठी!" आम्ही तिघेही हसलो. बारीक पात्याचा किर्र आवाज झाला आणि अंगठी उघडली.

त्याच आठवड्यात एका सकाळी किरण आपला खोका काढायला आला आणि श्रीकांतने त्याला हात दाखवायला सांगितले. दोघांनी आपापले हात टेबलावर पालथे ठेवले. मध्ये चहा आणि बटर. एक हात कोळ्याचा, रुंद, काळा. एक कारकुनाचा, गोरा, शिरा आलेला. दोन्हीची बोटं सारखीच टम्म.

"तुलाही मुंग्या येतात?"

"रोज. रात्रीच्याला तर हात झोपतोच. सर बोलतात, त्याचा अर्थ माल ओरिजिनल हाय."

"मला क्लिनिकवाले म्हणाले, डोस थोडा कमी करू, थांबतील."

मुंग्या येतात म्हणून दोघांनाही बरं वाटत होतं. शाळेतली मुलं पट्टीचे वळ मोजून दाखवतात तशी ती दोघं हात दाखवत होती.

किरणच्या चपला लहान झाल्या होत्या. पुढच्या दातांत फट पडली होती. बोलताना जीभ जड वाटायची. पोटावर कप्पे होते, पण ते सगळंच पोट आतून कुणी पुढे लोटल्यासारखं गोल दिसायला लागलं होतं. हिराबाई मात्र आनंदात. मासे साफ करता करता म्हणाल्या, "ताय, माजा किरन अजून वाढतंय बग. या वयात कोन वाढतंय? त्याचा आजा असाच व्हता, दांडगा. होडी एकटा वढायचा." त्यांच्या बोटांवर खवले चमकत होते. किरणने माझ्याकडून वचन घेतलेलं नव्हतं, पण हिराबाईंच्या त्या आनंदात हात घालणं मला जमेना.

श्रीकांतशी मात्र भांडले. त्याच्या रक्तातली साखर वाढलेली निघाली तेव्हा. आयुष्यात कधी नव्हती.

"बंद कर हे."

"साखर मॅनेज होते. गोळी दिली आहे त्यांनी."

"म्हणजे तरुण होण्याचं इंजेक्शन, आणि त्याने म्हातारपणाचा आजार झाला की त्यावर गोळी?"

"तुला मी म्हातारा हवाय का?" तो इतक्या जोरात कधी बोलत नसे. मग खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मला मुक्ताचं पुढचं सगळं बघायचंय गं. मला आरशासमोर साबण लावून मरायचं नाही."

मरणाला घाबरलेल्या माणसाशी वाद घालता येत नाही, आणि त्याच्या शेजारी झोपणाऱ्या बाईला तर मुळीच नाही.

स्पर्धा फेब्रुवारीत होती, संध्याकाळची, मैदानात. हिराबाई आजवर कधी गेल्या नव्हत्या. त्या वर्षी मला घेऊन गेल्या. नऊवारी, अंबाड्यावर गजरा, गळ्यात ठसठशीत सोनं, आणि मांडीवर पाण्याची बाटली. किरण आदल्या दिवसापासून पाणी प्यायला नव्हता. कातडी शिरांना चिकटून दिसावी म्हणून तसं करतात. "घसा सुकला आसंल त्याचा," त्या पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. लाऊडस्पीकरवर एक माणूस निम्मं मराठी निम्मं हिंदी ओरडत होता. धुळीत दिव्यांचे झोत दिसत होते, जाड, पिवळे, त्यांत किडे पोहत होते.

मग ते सगळे स्टेजवर आले. एका रंगाने रंगवलेले, एका तेलाने माखलेले. हिराबाईंनी माझा दंड धरला. "ताय, माजा कंचा?"

मलाही लगेच कळेना. मग डावीकडून तिसरा दिसला. तो हसत होता. ओठ सुकून दातांना चिकटले होते, पण हसत होता. झोत त्याच्यावरून फिरला आणि तो खरोखरच सुंदर दिसला. माणूस न वाटता काहीतरी घडवलेलं वाटावं असा. एक क्षण मलाही कळलं, त्याला काय हवं होतं ते.

त्याचा दुसरा नंबर आला. स्टेजच्या मागे तो प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून रडत होता, आणि त्याचे सर त्याच्या खांद्यावर थोपटत सांगत होते, "थोडा साईज कमी पडला. पुढच्या सीझनला वाढवू." हिराबाई पुढे झाल्या. बाटली त्याच्या तोंडाला लावली. तो प्यायला, प्यायला, थांबेचना. त्यांनी त्याचं तोंड पुसलं तर त्यांचा तळवा तपकिरी झाला. त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "आरं, तुजा रंग निंगतंय."

श्रीकांतला शौचावाटे रक्त पडल्याचं मला त्यानंतर थोड्याच दिवसांनी कळलं. त्याने आधी लपवलं होतं. या वेळी त्या झाडांच्या क्लिनिकमध्ये न जाता आम्ही साध्या हॉस्पिटलात गेलो, जिथे फिनाईलचा वास येतो. आतड्यात दुर्बीण घालून पाहिली. एक गाठ होती. लहान. तिथेच काढली आणि तपासायला पाठवली. अहवाल येईपर्यंतचे दिवस मला आठवत नाहीत. बाल्कनीतल्या उन्हाचा एक चौकोन फरशीवरून सरकत गेलेला तेवढा आठवतो. गाठ कॅन्सरची नव्हती. व्हायच्या वाटेवर होती.

डॉक्टर आमच्या मुक्ताच्याच वयाची होती. तिने इंजेक्शनांबद्दल विचारलं आणि श्रीकांतने खाली मान घालून सगळं सांगितलं.

"काका, गाठ त्यानेच झाली असं मी म्हणणार नाही. ती आधीचीही असेल. पण घरात कुठे काय धुमसतंय हे माहीत नसताना वारा घालू नये. या औषधाला फक्त वाढवणं कळतं. काय वाढवायचं, ते कळत नाही."

"पण वयाबरोबर ते कमी होतं ना?"

"होतं. केसही पांढरे होतात. ज्यांच्या मेंदूतली ग्रंथी बिघडलीय, ज्या मुलांची उंची वाढत नाही, त्यांच्यासाठी ते औषध आहेच. तुमच्यात ते कमी होणं हा आजार नव्हता. त्याने माणूस जास्त जगतो असं कुणी दाखवलेलंही नाही. कदाचित उलटच असेल."

घरी आल्यावर श्रीकांतने कुपी उचलली आणि कचऱ्यात टाकली. मग किरणला बोलावून घेतलं. त्याला समोर बसवून गाठीचं सगळं सांगितलं, काही न लपवता. माझ्या लाजऱ्या नवऱ्याला ते किती जड गेलं असेल. किरणने ऐकून घेतलं.

"काका, तुम्ही जगायला घेत होता. मी जगायला नाही घेत."

"मग कशाला घेतोस?"

"एक नंबर कमी पडला हाय फक्त." तो उठला, फ्रिजमधून आपला खोका काढला. "राग नका मानू, पण तुमचं जगून झालंय. माझं अजून सुरूच नाही झालं."

दार त्याने अगदी हळू लावलं. श्रीकांतने फ्रिजचं उघडं राहिलेलं दार लोटलं. "खरं बोलला," एवढंच म्हणाला.

होळीच्या आधीची गोष्ट. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती. मी खालून भाजी घेऊन वर येत होते, तर दुसऱ्या मजल्याच्या पायरीवर किरण बसलेला. शेजारी आईने दिलेली सुक्या बोंबलांची पिशवी. डोंगरासारखा माणूस, भिंतीला डोकं टेकवून, तोंडाने श्वास घेत होता.

"काकू," तो म्हणाला, आणि हसायचा प्रयत्न केला, "जिना वाढलाय काय तुमचा?"

मी भाजी तिथेच टाकली आणि श्रीकांतला हाक मारली. पुढचं सगळं दिवसाउजेडी, भराभर झालं. रिक्षा, हॉस्पिटल, छातीवर जेल लावून पडद्यावर पाहणं. पडद्यावर त्याचं हृदय दिसत होतं. डॉक्टरांनी बोट ठेवून दाखवलं: हृदयाचा स्नायू जाड झाला आहे, हृदय आकाराने वाढलं आहे, त्यामुळे नीट सैल होत नाही. यात केवळ ते एक इंजेक्शन नव्हतं, सरांनी दिलेलं आणखीही बरंच होतं. सगळं थांबवलं तर औषधांवर निभावेल. नाही थांबवलं तर सांगता येत नाही.

हिराबाई बाजारातून तशाच धावत आल्या होत्या, अंगाला मासळीचा वास. त्यांना समजावताना डॉक्टर म्हणाले, "मावशी, त्याचं हृदय मोठं झालंय."

हिराबाईंनी आमच्या दोघांकडे पाहिलं. "काळीज मोठं आसनं चांगलंच न ओ?"

किरणने पलंगावरून हात लांब केला आणि तिचा पदर धरला. "आये, मी थांबवतो सगळं," तो म्हणाला. "आता न्हाय घेणार." आईशी बोलताना त्याची जुनी बोली परत आली होती.

त्याने शब्द पाळला. पण थांबवणं म्हणजे एका दिवसाचं काम नव्हतं. उन्हाळाभर त्याचं अंग ओसरत गेलं, भरतीनंतर खाडी ओसरते तसं, आणि खालचा चिखल उघडा पडला. तो त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचे शर्ट घालायचा. ओळखीचं कुणी दिसलं की गल्ली बदलायचा. रात्रीची झोप गेली, दिवसा चिडायचा. हिराबाई एकदा रडून गेल्या. श्रीकांत मात्र रोज त्याच्याकडे जायचा. दोघं खाडीच्या कडेने चालायचे, किरणच्या धापेच्या मापाने, म्हणजे म्हाताऱ्याच्याही हळू. काय बोलायचे ते मी विचारलं नाही. श्रीकांतचे गालही उतरले होते, तुकतुकी गेली होती, बोटं पुन्हा बारीक झाली होती. मांस परत गेलं. किरणचा जबडा आणि पावलं मात्र तेवढीच राहिली. हाडं वाढली ती परत जात नाहीत.

आता तो तिशीचा आहे. गोळ्या घेतो. आईची टोपली त्याने खाली उतरवली, फक्त वेगळ्या रीतीने: उत्तनहून सुकी मासळी आणतो आणि टेम्पोतून दुकानांना पोचवतो. पोती मात्र दुसरे उचलतात. दुपारी मोरव्याच्या त्याच व्यायामशाळेत नव्या मुलांना शिकवतो, आणि कुणी खोक्याची गोष्ट काढली की शर्टाची बटणं सोडून स्वतःची कहाणी सांगतो. ऐकतात का रे, मी विचारलं. "एखादा ऐकतो," तो म्हणाला. "बाकीचे माझी दुसऱ्या नंबरची ढाल कुठे ठेवलीय ते विचारतात." फ्लेक्स लागले की त्याला दोन-चार दिवस करमत नाही. "ती लाइट आठवते काकू," म्हणतो, आणि हे सांगताना त्याचा चेहरा असा होतो की मी दुसरीकडे बघते.

त्याला जे हवं होतं ते चुकीचं होतं असं मला अजूनही म्हणवत नाही. एकदा तरी पुरतं दिसावं, आणि कधी मिटू नये, या दोन इच्छा माणसाच्या आत कुठेतरी एकाच जागी असाव्यात. त्या हिवाळ्यात त्या दोन्ही माझ्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी ठेवल्या होत्या, आणि मी रोज दूध काढताना त्यांच्यावरून हात फिरवत होते.

आज दुपारी आम्ही दोघं तळ्याकाठी बसायला गेलो. थंडीतलं मऊ ऊन होतं, पाण्यावर बारीक सुरकुत्या पडत होत्या. श्रीकांत काहीतरी सांगत होता, बहुधा दुर्बिणीच्या पुढच्या तपासणीची तारीख, आणि सांगता सांगता वाक्याच्या मध्येच थांबला. मी वळून पाहिलं तर डोळा लागला होता. तोंड जरासं उघडं, गालावर पांढरे खुंट, गळ्याची कातडी सैल होऊन कॉलरवर आलेली. फिरायला येणाऱ्या एक गुजराती बाई थांबून म्हणाल्या, "भाभी, अंकल को उठाओ, धूप लगेगी."

"सोने दो," मी म्हटलं.

त्या गेल्या. श्रीकांतचं डोकं हळूहळू माझ्या बाजूला कलत आलं. जड होतं. मी खांदा थोडा पुढे केला आणि बसून राहिले.